दोन कामट्यांच्या रेघा

सदाशिव, हे मी अकरा वर्षं टाळलं. विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण विसरलो नव्हतो. टाळलं.

तू गेल्याचं कळल्यावर चौथ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. "काका, सदाशिवरावांवर अंकासाठी चार चांगल्या ओळी द्या ना. फोटो आहे आमच्याकडे, गणपतीतला." मी हो म्हटलं आणि लिहिल्याही. मनमिळाऊ, हसतमुख, हाताला गुण असलेला माणूस. वाचून पाहिलं आणि कागद फाडला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण असं बेताचं खरं बोलून बाजूला होणं मला चांगलं जमतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून आता सगळंच लिहितो. मंडळाला छापायचं तर छापू दे. माझ्या बायकोला, वासंतीलाही मी हे सांगितलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत आहे, आणि मी दार लोटून बसलोय, चोरासारखा.

कुठून सुरू करू? रस्त्यापासून करतो. इथे आखातात, फुजैराच्या मागच्या डोंगरात आमच्या कंपनीकडे रस्त्याचं काम होतं. वादीच्या, म्हणजे त्या कोरड्या नदीपात्राच्या काठाने जेसीबी चालला आणि दगडांचं एक वर्तुळ उघडं पडलं. आत हाडं. काम थांबलं, वरून माणसं आली, आणि ठरलं की रस्ता थोडा वळवायचा आणि हिवाळ्यात परदेशी तज्ज्ञांची तुकडी तिथे खोदकाम करणार. कंपनीने त्यांना तंबू, मजूर, पाण्याचा टँकर आणि एक सर्व्हेअर द्यायचा. सर्व्हेअर म्हणजे मी. चार-पाच हजार वर्षांपूर्वीची माणसं आहेत असं त्या प्रमुख बाई म्हणाल्या, तेव्हा मला फक्त माझी लेव्हल, ती उंची मोजायची दुर्बीण, घेऊन रोज तीस किलोमीटर जावं लागणार एवढंच दिसलं.

तू आलास तो सहलीला. शुक्रवारची सुटी, वासंतीने दिलेला डबा, आणि गाडीत मागच्या सीटवर तू. तेव्हा तू फुजैरातल्या एका दवाखान्यात प्लास्टर घालायचास. खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसलास आणि टेबलावर धुऊन ठेवलेली हाडं बघून म्हणालास, "साहेब, ह्यांनी डावं-उजवं एकात घातलंय की."

बाईंनी ऐकलं. भाषा कळली नाही, पण तुझं बोट कळलं. त्यांनी तुझ्यासमोर ट्रे ठेवला. तू डोळे मिटून एकेक हाड हातात घेतलंस आणि दोन ढीग लावलेस. एकही चूक निघाली नाही. त्या दिवसापासून बाई तुला शुक्रवारी नावाने विचारायला लागल्या. खरं सांगू? मला ते आवडलं नाही. मी इंजिनिअर माणूस, तीन वर्षं त्या वादीत घाम गाळलेला, आणि खुर्ची दिली ती तुला.

तुझ्या घराण्यात हाडं बसवायचं काम होतं. आजा, बाप, सगळे. गडहिंग्लजच्या बाजूच्या तुमच्या गावात लांबून बैलगाडीतून माणसं यायची म्हणे. तू ते सोडून इथे आलास आणि डॉक्टर सांगेल तिथे ओली पट्टी गुंडाळायला लागलास, म्हणून बाप तुझ्याशी धड बोलत नव्हता. पैसे पाठवलेस की पावती यायची, पत्र यायचं नाही. हे तू हसत सांगायचास.

आपलं भांडण त्या कवटीपासून सुरू झालं, आठवतं? कवटीला वरच्या बाजूला रुपयाएवढं भोक होतं. बाई म्हणाल्या, दगडाच्या पात्याने खरवडून पाडलंय, जिवंतपणी. मी म्हणालो, "भुताखेताचा प्रकार असणार. डोक्यातलं भूत बाहेर काढायला."

तू भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवलास. "कड गोल झालीया साहेब. हाड वाढलंय. जगला ह्यो, भोक पाडल्यावर बी जगला."

"नशीब त्याचं."

"नशीब व्हय? डोक्याला भोक पडलेला माणूस उठून मासं धरायला गेला आसंल? कुणीतरी पाजलं आसंल की न्हाई त्याला, पेज म्हणा, खजूर कालवून म्हणा. माश्या कुणी हाकल्या? ते बी औषधच की."

"ते औषध नाही, ती माया झाली."

"आमच्याकडं दोन्ही एकाच खोलीत करत्यात," तू म्हणालास, आणि खजूर तोंडात टाकून वर माझ्याकडे बघून हसलास.

माझं म्हणणं एकच होतं, आणि मी ते प्रत्येक शुक्रवारी नव्या शब्दांत मांडायचो. त्या लोकांना काही कळत नव्हतं. जे जगले ते आपोआप जगले, जी हाडं जुळली ती आपोआप जुळली. शरीर हुशार असतं, माणूस नव्हता. तू 'आपोआप' हा शब्द ऐकलास की कपाळाला हात लावायचास. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम तो शब्द वापरायचो. गाडीचा एसी बंद पडला तर तू म्हणायचास, "राहू द्या, आपोआप चालू हुईल."

आणि मग तो शुक्रवार.

बाई आठवडाभर परवानग्यांच्या कामासाठी अबुधाबीला गेल्या होत्या. खोदकाम बंद होतं. आपण दोघं फक्त ताडपत्री बघायला आणि राहिलेली मापं घ्यायला गेलो. रात्री वारा झाला होता, ताडपत्रीचं एक टोक उडालं होतं, आणि खड्ड्यातल्या शेवटच्या माणसाच्या डाव्या हातावरची माती निघून गेली होती. बाईंच्या कागदावर त्या माणसाला नंबर होता. तू त्याला 'पेशंट' म्हणायचास. सगळ्यांनाच म्हणायचास.

ऊन तिरपं होतं. तू ब्रश घेऊन पालथा झोपलास आणि माती झटकत राहिलास. मग म्हणालास, "साहेब, खाली या. पाय जपून."

कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन्ही नळ्या मोडलेल्या होत्या आणि दोन्ही सरळ रेषेत जुळत आलेल्या होत्या. मोडल्या जागी हाडाची फुगीर गाठ होती. आणि हाताच्या दोन्ही अंगांना मातीत दोन काळपट रेघा. सरळ, समांतर, बोटभर रुंद.

"लाकूड कुजलं की माती अशी काळी हुती," तू म्हणालास. "कामट्या हैत ह्या. आमच्यात मोडल्या हाडाला बांबूच्या घालत्यात. हितं खजुरीच्या झावळीचा दांडा चिरून घातला आसंल."

मी म्हणालो, "मुळं असतील."

"मुळं अशी कोपरापाशी सुरू हून मनगटापाशी थांबत्यात व्हय?"

तू त्या गाठीवरून झुळकेसारखं हलकं बोट फिरवलंस. "महिना-दीड महिन्याचा जोड हाय. पक्का झाल्याला न्हाई अजून. कामट्या काढायच्या बाकी हुत्या, तवर दुसऱ्याच कशानं तरी पेशंट गेला." मग म्हणालास, "ज्यानं बांधल्या, त्यानं ह्याला पुरताना बी सोडवल्या न्हाईत बघा. तशाच ऱ्हाऊ दिल्या."

फोटो काढायला कॅमेरा नव्हता. तो बाईंबरोबर होता. तू म्हणालास, मोजून तरी ठेवा. टेपचं एक टोक तू धरलंस, दुसरं मी. माझ्या लेव्हल बुकात, मोजमापाच्या वहीत, मी लिहिलं, चित्र काढलं. मग आपण ताडपत्री घट्ट बांधली, चारी बाजूंना दगड ठेवले, आणि गाडीत तू गाणं म्हणायला लागलास. तुझा आवाज भयंकर होता.

संध्याकाळी तू कार्डाच्या फोनवरून गावच्या दुकानात फोन लावलास आणि बापाला बोलावून घेतलंस. मी शेजारी उभा होतो. तू सगळं सांगितलंस, मग विचारलंस, "आबा, हाताला कामट्या किती घालायच्या? दोन का तीन?" पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं, म्हातारा एवढा मोठ्यानं बोलत होता. "दोन! तिसरी घातली की बोटं काळी पडत्यात. तुला म्हाईत हाय की!" आणि मग तो फोनवरच कुणाला तरी ओरडून सांगायला लागला की आमच्या सदाला तिकडं पाच हजार वर्षांमागला आपल्यातलाच हाडवैद्य सापडला. कार्ड संपलं. तू रिसीव्हर धरून तसाच उभा होतास. किती वर्षांनी बाप तुझ्याशी बोलला होता!

आता पुढचं. इथेच माझा हात अडतो.

पुढच्या शुक्रवारी बाई येणार होत्या, आमच्या कंपनीचे मॅनेजर येणार होते, आणखी दोन पाहुणे. मी आधी पोचलो. दवाखान्यातून निघायला उशीर झाल्याने तू मागून बाईंच्या गाडीतून येणार होतास. मी दगड काढले, ताडपत्री उघडून ठेवली. धूळ फार उडत होती. आता तीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाला, पाहुणे यायच्या आधी धूळ दिसली की काय सुचतं? पाणी. कुठल्याही साइटवर आपण हेच करतो. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की खड्ड्याच्या जवळपास पाणी आणायचं नाही. ते मला माहीत होतं. पण त्या क्षणी माझं डोकं तिथे नव्हतं, सवय होती. मी टँकरवाल्या पठाणाला हाक मारली, "खान भाई, थोडा पानी मार दो." आणि मॅनेजरची गाडी कुठवर आली ते बघायला वळणापर्यंत चालत गेलो.

परत आलो तेव्हा त्याने मन लावून काम केलं होतं. रस्ता, तंबूसमोरची जागा, आणि खड्डासुद्धा. पाइप खाली टाकून तो म्हणाला, "खलास, साब. एकदम ठंडा कर दिया."

हाडं स्वच्छ दिसत होती. रेघा नव्हत्या. सगळीकडे एकाच रंगाचा चिखल होता.

तू गाडीतून उतरलास तो जवळजवळ धावत. बाईंना वाटभर सांगत आला होतास, तुझ्या त्या इंग्रजीत. खड्ड्याशी येऊन थांबलास. बाईंनी खाली बघितलं, ओली माती बोटाने चाचपली, आणि विचारलं, पाणी कुठून आलं? मी म्हणालो, "टँकरचा पाइप गळतो, मॅडम." मॅनेजर माझ्याकडे बघत होते. खानला इंग्रजी येत नव्हतं.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, हाड जुळलंय हे दिसतंय, पण ते बांधलं होतं असं म्हणायला पुरावा लागतो. एका माणसाच्या सांगण्यावर लिहिता येत नाही. दोघांनी पाहिलं असेल तर निदान टीप देता येईल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिस्टर लेले, तुम्ही बरोबर होतात. तुम्ही पाहिल्या त्या रेघा?"

लेव्हल बुक माझ्या काखेत होतं.

"मातीत काळपट डाग असतातच, मॅडम," मी म्हणालो. "रेघा म्हणण्यासारखं मला काही दिसलं नाही."

का? माझा व्हिसा त्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता, मुलगी बारावीला होती, मॅनेजर समोर उभे होते. हे सगळं मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवलं आणि ते खरंही आहे. पण रेघा पाहिल्या असं म्हणून पाण्याबद्दल गप्प राहता आलं असतं की! वही उघडली असती तर टँकरचं कुणी विचारलंही नसतं. मग मी का नाही उघडली? कारण तू बरोबर ठरणार होतास. बाईंसमोर, मॅनेजरसमोर, माझा 'आपोआप' खोटा ठरणार होता, आणि तो खोटा ठरवणारा एक प्लास्टरवाला होता. हे लिहायला मला अकरा वर्षं लागली.

तू माझ्या काखेतल्या वहीकडे बघितलंस. मग टँकरच्या ओल्या पाइपकडे. मग माझ्याकडे. तुला सगळं कळलं. "साहेबांच्या वहीत लिवलंय," एवढे तीन शब्द तू बोलला असतास तर मी संपलो असतो. तू बाईंना म्हणालास, "मे बी माय मिस्टेक, मॅडम. सॉरी."

माझी नोकरी तू वाचवलीस, आणि मी तुला साधं 'थँक्यू'ही म्हणालो नाही. परतीच्या वाटेवर तू एसीबद्दल काही बोलला नाहीस.

त्या हिवाळ्यात बाई तुला हाडांच्या सगळ्या पेट्या दाखवणार होत्या. तुकडीबरोबर बसून तू त्या तपासायच्या, असं ठरत होतं. त्यांनी ते पुन्हा काढलं नाही. तू यायचा बंद झालास. पण मला बोचतं ते दुसरंच. तुला आबांना सांगावं लागलं. फोनवर तुझ्याने बोलवेना म्हणून तू पत्र लिहिलंस आणि माझ्याकडेच घेऊन आलास, कारण मी सुटीवर पुण्याला निघालो होतो आणि तिथून टाकलं तर लवकर पोचलं असतं. पाकीट उघडं होतं. मी विमानात वाचलं. 'आबा, त्या कामट्या नव्हत्या. माझी बघण्यात चूक झाली. लोकांना सांगू नका.' ते पत्र मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं, सदाशिव. आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. ते तुला पुन्हा फोनवर आले होते का, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांनी मी घराच्या जिन्यावरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. वासंतीने तुझ्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, तुला सांगितलं ओढायला, आणि स्वतः माझा दंड धरून उभे राहिले. तू माझा पंजा हातात घेतलास, वाकलास आणि हळूच म्हणालास, "काय साहेब, ओढू? का आपोआप जुळू द्यायचं?"

मी हसलो. हसता हसता मला रडू आलं, आणि तेवढ्यात तू ओढलंस. सगळ्यांना वाटलं, दुखलं म्हणून रडतोय. वासंती म्हणाली, "भाऊजी, जपून हो." तू म्हणालास, "वहिनी, साहेबांचं हाड चांगलं हाय. दुखतंय ते दुसरीकडं."

ओली पट्टी गुंडाळताना तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. वाट बघत होतास. मी विचारलं, "किती आठवडे?"

"सहा," तू म्हणालास.

नंतर तू अल क्वोजला गेलास, मजुरांच्या कॅम्पमधल्या दवाखान्यात. दर दिवाळीला तुझा फोन यायचा. "मनगट कसं हाय?" दुसरं काही विचारायच्या आधी तेच. मी म्हणायचो, उत्तम. मग तू थोडं थांबायचास. ती जागा तू माझ्यासाठी सोडायचास, हे मला आज कळतंय असं म्हणणार होतो. तेव्हाही कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी मी खरंच निघालो होतो. मुलगी गाडी चालवत होती, लेव्हल बुक माझ्या मांडीवर होतं. तिला फक्त एवढंच म्हणालो होतो की सदाकाकांना काहीतरी सांगायचंय. शारजातल्या आमच्या घरापासून अल क्वोजपर्यंत ट्रॅफिकमध्ये मी वाक्य पाठ करत होतो. तू एका बंगाली मजुराच्या बोटाला पट्टी बांधत होतास. मला बघून चहा मागवलास, वासंतीची चौकशी केलीस, माझं मनगट फिरवून बघितलंस. मी वही पाठीमागे धरून म्हणालो, "इकडे काम होतं, सहज आलो." गाडीत मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू टेल हिम?" मी म्हणालो, हो.

तू गेल्याचं कळवायला तुझ्या बायकोचा, शालनवहिनींचा, गावाहून फोन आला, त्यांनी कसं झालं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "ह्या दिवाळीला आले हुते तवा म्हणत हुते, लेले साहेबांचं मनगट मी बांधल्यालं सगळ्यांत झ्याक काम." मी हुंदका दिला नाही. फोन ठेवून मनगट बघत बसलो. ते सरळ आहे.

आता जे करायचं ते केलंय. लेव्हल बुकातल्या पानाची झेरॉक्स काल त्या बाईंना पोस्टाने पाठवली, त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर. त्या तिथे अजून असतील की निवृत्त झाल्या असतील, माहीत नाही. सोबत पत्रात पाण्याबद्दल लिहिलं आणि वहीबद्दलही. पानावर असं आहे: डावा हात, दोन्ही नळ्या मोडून जुळत आलेल्या. दोन्ही अंगांना काळपट रेघा, समांतर, एक सतरा सेंटिमीटर, दुसरी साडेसोळा. खाली माझी सही. त्याखाली तू गंमत म्हणून पेन्सिलीने लिहिलंयस, 'पेशंट बरा हुता.' झेरॉक्सवर ते फिकट आलंय, पण वाचता येतं. शालनवहिनींनाही एक प्रत पाठवतोय. आबांना कुठे पाठवू?

अल क्वोजच्या वाटेवर पाठ केलेलं वाक्य फार लांब नव्हतं. चहाचा कप हातात असताना ते माझ्या जिभेपर्यंत आलं होतं. तू बांधलेल्या हाताने आज ते लिहितो.

सदाशिव, रेघा दोन होत्या, मी पाहिल्या होत्या, तू बरोबर होतास. मला माफ कर.